हसऱ्या बेडकाचा सेल

मावशींना कोणी त्यांच्या नावाने हाक मारल्याचं त्यांच्या नवऱ्यालाही आठवत नसेल. सकाळी दाराशी इवल्या इवल्या बुटांचा ढीग पडला की त्या मावशी व्हायच्या, आणि शेवटचं पोर घरी गेलं की उरायची ती नुसती एक दमलेली बाई. सतरा वर्षं हेच. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत जमिनीवर अंथरलेल्या गाद्या, खिडकीला जाळी आणि कोपऱ्यात खेळण्यांनी भरलेला एक निळा टब. पाळणाघराची पाटी नव्हती. पाटी लावली की कुणी ना कुणी चौकशीला येतं, असं काकांचं म्हणणं. काका म्हणजे मावशींचे यजमान. निवृत्त माणूस, कामाला शून्य आणि सल्ल्याला पुढे.

आणि खरं सांगायचं तर पाटीची गरजच नव्हती. मावशींचा हातच असा होता. आईच्या कडेवरून उतरायला तयार नसलेलं, रडून रडून निळं पडलेलं पोर मावशी घ्यायच्या, दोनदा पाठीवर थोपटायच्या, की ते गप्प. पोरांच्या आया बघत राहायच्या. एखादीला रागसुद्धा यायचा, आपलंच पोर आपल्याला टाटा न करता आत पळालं म्हणून.

त्या वर्षी चार पोरं होती. बँकेतल्या बाईंचा गोटू, तिकीटखिडकीवर बसणाऱ्या माणसाची दोन जुळी, आणि भिंगरी. भिंगरी सगळ्यांत लहान, दोन वर्षांची. एका जागी म्हणून बसायची नाही, म्हणून भिंगरी. तिचा बाप टेम्पो चालवायचा आणि आई शिवणकारखान्यात कॉलर लावायच्या मशिनवर. त्या कारखान्यात आत जाताना फोन फाटकावर जमा करावा लागायचा. बाप गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, कारण एकदा दंड झाला होता. थोडक्यात, दिवसभर त्या पोरीचं मावशींशिवाय कोणी नव्हतं.

बेडूक आणला तो तिच्या बापाने. कुठल्याशा फुटपाथवरून घेतलेला हिरवा प्लास्टिकचा बेडूक. पोट दाबलं की असा काही खदाखदा हसायचा की शेजारीपाजारी जागे व्हावेत. पोरांना तर काय, वेडच लागलं. दिवसभर खी खी खी खी. मावशींचं डोकं उठायचं, पण पोरं खूश तर आपण खूश, असा त्यांचा हिशोब.

गोटूच्या आईला मात्र तो बेडूक पहिल्या दिवसापासून खटकला. बाई भारी चिकित्सक. गोटूच्या वाटीवरचं स्टिकरसुद्धा वाचणारी. तिने बेडूक उलटा केला, पोटाखालचं झाकण नखाने उचकून पाहिलं.

"मावशी, ह्याच्यात ते बटणासारखे चपटे सेल आहेत. एवढ्या लहान मुलांच्या हातात असलं खेळणं देतात का कोणी? पोटात गेला ना, तर आतून जाळतो तो. गळ्यात अडकला तर दोन तासांत भोक पाडतो."

"अगं, स्क्रू आहे की झाकणाला," मावशी म्हणाल्या. "आणि आमची पोरं काय खेळण्यांच्या दुकानात वाढली? दगडगोट्यांशी खेळून मोठी झाली."

"दगड गळ्यात जाळत नाहीत, मावशी."

"बरं बाई, बरं. लक्ष ठेवते मी."

स्क्रू होता हे खरं. तो तिने स्वतः हलवून पाहिला, घट्ट आहे अशी खात्री केली आणि मगच ती बँकेत गेली. पुढे तो स्क्रू काढला कोणी, हे तिला कळायचं काही कारण नव्हतं. काढला मावशींनी.

आता तुम्ही म्हणाल, का? तर दुपारच्या झोपेपायी. पाळणाघर चालवणाऱ्या बाईला विचारा दुपारची झोप म्हणजे काय ते. चार पोरं एकाच वेळी झोपली तर त्या वेळात ती भांडी घासते, दोन घास खाते, पाठ टेकते. एक उठलं की चारही उठतात, आणि मग संध्याकाळपर्यंत नुसता कल्ला. आणि भिंगरी झोपेत कूस बदलताना नेमकी बेडकावर पडायची. खी खी खी खी! की झालं. बेडूक काढून घ्यावा तर तिला तो कुशीत लागायचा. म्हणून मावशींनी आपली युक्ती काढली. पोरं आडवी झाली की बेडकाचा सेल काढायचा, फ्रिजवरच्या डब्याच्या झाकणात ठेवायचा, उठायच्या वेळेला परत घालायचा. रोज रोज स्क्रू कोण फिरवत बसणार? तो त्यांनी टाकून दिला आणि झाकणावर चिकटपट्टी लावली. आपल्या ह्या अकलेचं त्यांना कौतुकच होतं. काकांनाही त्यांनी एकदा ते करून दाखवलं होतं.

त्या दुपारीही त्यांनी गादीवर बसूनच सेल काढला. आदल्या रात्री काकांच्या खोकल्याने झोप झाली नव्हती. सेल हातात होता, भिंगरी कुशीत होती, आणि पोरीच्या पाठीवर थोपटता थोपटता मावशींचाच डोळा लागला. बस्स. एवढंच झालं. कोणी काही मुद्दाम केलं नाही, कोणी दुष्टपणा केला नाही. एक बाई दमली होती आणि झोपली.

जाग आली ती भिंगरीच्या कुरकुरीने. पोर उठून बसलं होतं, तोंडातून लाळ गळत होती. मावशींनी पुसली. परत गळली. पाणी दिलं तर तिने तोंड फिरवलं. दूध दिलं तर एक घोट घेऊन बाहेर टाकलं आणि मान ताठ करून रडायला लागली. जुळी उठली, गोटू उठला.

"दात येताहेत वाटतं, दाढा," मावशी म्हणाल्या. बाकीची पोरं बिथरू नयेत म्हणून त्यांनी भिंगरीच्या बापाला फोन लावला. नशिबाने तो तेव्हा चहाला थांबला होता.

"पोरगी किरकिर करतेय रे. दाढा येताहेत. आज लवकर नेतोस का?"

तो आला, तिला कडेवर घेतलं, टेम्पोत शेजारी बसवलं आणि गेला. जाताना मावशींनी तिच्या गळ्याला लाळेसाठी स्वच्छ रुमाल बांधला. स्वतःच्या हाताने बांधला, गाठ नीट बसली का तेही पाहिलं.

मग चार वाजता दुधाचे पेले भरताना गोटूने बेडूक आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. "हसत नाही."

"हसेल, थांब." त्या उठल्या. फ्रिजवरच्या झाकणात हात घातला.

झाकण रिकामं होतं.

त्यांनी एप्रनचे खिसे उलटे केले. गाद्या उचलल्या, झटकल्या. चादरी झटकल्या. आधी वाकून, मग गुडघ्यांवर, मग चक्क पालथं पडून त्यांनी कपाटाखाली हात फिरवला. जुळ्यांना वाटलं खेळ आहे, तीही पालथी पडली. काका आतून आले.

"काय शोधतेस?"

"सेल. बेडकाचा सेल." आणि मग त्यांचं तोंड वाकडं झालं. "अहो, पोरीने गिळला हो. ती लाळ... ती दाढांची नव्हती हो."

काका खुर्चीवर बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "ओरडू नकोस. शेजारी ऐकतील. गिळला असेल तर येईल बाहेर आपोआप. आमच्या लहानपणी मी नाणं गिळलं होतं, दोन दिवसांत..."

"हे नाणं नाही!"

"मी काय म्हणतो, आत्ता बोभाटा केलास ना, तर उद्यापासून एक पोर येणार नाही. आधी नीट शोधू. सापडला तर उगाच..."

आणि इथे, काय सांगू, मावशी थांबल्या. पाच मिनिटं असतील, दहा असतील. त्या पुन्हा कपाटाखाली शोधायला लागल्या. मनात कुठेतरी वाटत होतं, सापडेल, आत्ता हाताला लागेल, देवा, लागू दे. ह्या दहा मिनिटांचं त्यांना पुढे कधीच काही करता आलं नाही. ती गेली ती गेलीच.

मग त्या उठल्या आणि भिंगरीच्या बापाला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. परत. कारखान्यात लावला, तर फाटकावरचा माणूस म्हणाला, "सुट्टीच्या भोंग्याआधी आत निरोप जात नाही." मावशींनी त्याला पाया पडते म्हटलं. तो म्हणाला, "बाई, रोज कोणी ना कोणी पाया पडतं." आणि फोन ठेवला.

एकच जण उरली होती, आणि तिलाच फोन करायची मावशींची छाती होत नव्हती. पण केला.

गोटूची आई पंधरा मिनिटांत गाडी घेऊन दारात. बँकेचं ओळखपत्र गळ्यात तसंच. गोटूला तिने असा काही उचलला की तो घाबरून रडायला लागला. त्याच्या तोंडात बोट घालून पाहिलं, पोट दाबून पाहिलं, दूध प्यायला का, किती प्यायला, सगळं विचारलं. गोटू ठणठणीत होता. जुळ्यांनी तर दोन दोन पेले रिचवले होते.

"स्क्रू होता," ती म्हणाली. "मी स्वतः पाहिला होता. स्क्रू कुठे गेला?"

"कसा निघाला कोण जाणे," मावशी म्हणाल्या. "आत्ता चारला पाहिलं तर झाकण उघडं."

निघून गेलं तोंडातून. त्यांनी ठरवलं नव्हतं. पण एकदा गेल्यावर तेच खरं होऊन बसलं.

"बसा गाडीत," ती म्हणाली.

जुळ्यांना काकांवर सोपवून त्या निघाल्या. टेम्पो कुठे असेल? कधी म्हणे लाकडाच्या वखारीत, कधी बर्फाच्या कारखान्याकडे, कधी फर्निचरच्या गोदामाशी. वखारीत नव्हता. बर्फवाल्याने सांगितलं, येऊन गेला, पोरगी शेजारी झोपली होती. "झोपली होती" ऐकून मावशी धावतच गाडीत जाऊन बसल्या. गोटूची आई गाडी हाणत होती, हॉर्नवरचा हात काढत नव्हती, आणि दर सिग्नलला एकच वाक्य म्हणत होती, "मी सांगितलं होतं. मी सांगितलं होतं ना तुम्हाला." मागच्या सीटवर गोटू विचारत होता, "आपण कुठे चाललो?"

गोदामाच्या मागच्या बाजूला टेम्पो उभा होता. हमाल कपाटं उतरवत होते. आणि बाप पुढच्या सीटवर बसून पोरीला पाण्यात भिजवलेलं बिस्किट भरवत होता. तिने ते ओकून टाकलं होतं. त्याचा शर्ट भिजला होता, आणि रुमालावर पिवळ्या डागांत एक काळपट रेघ होती.

"मावशी? तुम्ही इकडे कशा?" तो हसला. "काही खातच नाही बघा ही. दाढांचं एवढं असतं होय?"

मावशींना वाटलं, आता ह्या क्षणी जमीन फाटावी. त्यांनी पोरीला ओढून छातीशी घेतलं. गोटूच्या आईने त्याला सगळं सांगितलं, दोन वाक्यांत. तो आधी समजलाच नाही. मग समजला. हमाल कपाट हातात धरून तसेच उभे राहिले, आणि तो भर गोदामासमोर ओरडला, "पण तो बेडूक मीच आणला हो! मीच आणला!"

इस्पितळात फोटो काढला. पडद्यावर पोरीच्या इवल्याशा फासळ्या आणि बरोबर मधोमध एक गोल, काठाला दुहेरी कड, चपट्या सेलची असते तशी. शंकाच नको. डॉक्टर तरुण बाई होती, केस वर बांधलेले, भराभर बोलणारी.

"अन्ननलिकेत अडकलाय. लगेच आत घेतोय. किती वाजता गिळला?"

"चारच्या सुमारास," गोटूची आई म्हणाली. "ह्यांनी चारला पाहिलं."

"नक्की? विचारतेय कारण दीड-दोन तास असतील तर मी लगेच नळी घालून काढते. जास्त झाले असतील तर नलिका आतून किती जळली असेल सांगता येत नाही, काढताना फाटू शकते. मग मला सर्जन सोबत हवेत, ते दुसऱ्या इमारतीत आहेत. सांगा लवकर."

"चारच," बाप म्हणाला. पण लगेच अडखळला. "थांबा. पण तीनला मी तिला आणलं तेव्हाच लाळ गळत होती..."

तो मावशींकडे वळला. गोटूची आईही वळली. त्या पोरीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि ती त्यांच्या खांद्यावर मान टाकून घरघर श्वास घेत होती.

तोंड उघडलं तर सगळं जाणार होतं. सतरा वर्षं, चार पोरं, रस्त्यातून जाताना लोक म्हणायचे ती "मावशी", सगळं. आणि पोलीस? येतीलही. मावशींना हे सगळं एका झटक्यात दिसलं. घाबरल्या त्या, खोटं कशाला सांगू? चांगल्याच घाबरल्या.

"एक वाजता," त्या म्हणाल्या. "एकच्या सुमारास. सेल माझ्या हातात होता. मी काढला होता. मी रोज काढते, झोपेच्या वेळी. स्क्रूही मीच काढलेला. आज हातात धरून माझाच डोळा लागला. चारला फक्त कळलं मला. सर्जनला बोलवा हो. लवकर बोलवा."

डॉक्टर वळली आणि फोनवर ओरडत धावली. नर्सने पोरीला उचललं. भिंगरीने मावशींचा एप्रन मुठीत धरून ठेवला होता. ती मूठ एकेक बोट करून सोडवावी लागली.

बापाने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गोटूची आई म्हणाली, "माझ्या गाडीत बसून तुम्ही..." ती गोटूला घेऊन निघून गेली.

भोंगा झाल्यावर आई आली. कपड्यांना दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, श्वास लागलेला. कोणीतरी तिला सांगितलं. ती सरळ मावशींकडे आली, त्यांचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले आणि किंचाळली, "तुमच्या भरवशावर टाकून जात होते हो मी! तुमच्या भरवशावर!" मग तिथेच खाली बसली आणि मावशींच्याच गुडघ्याला डोकं लावून रडली, कारण रडायला दुसरं काही जवळ नव्हतं.

सेल निघाला. नलिका आतून जळून काळी पडली होती, आणखी थोडा वेळ गेला असता तर फाटली असती, असं सर्जन म्हणाले. नाकातून नळी घातली. पोटात जे जाईल ते त्या नळीतून. पोर गिळायला पुन्हा कधी लागेल, वाढत्या वयात नलिका आक्रसेल का, पुन्हा पुन्हा रुंद करावी लागेल का, ह्यावर "बघू" एवढंच उत्तर मिळालं.

मावशींच्या दाराशी बूट पडायचे बंद झाले. जुळी गेली, गोटू तर गेलाच होता. मावशींनी निळा टब काकांकरवी खाली नेऊन टाकला. मावशी रोज सकाळी उठायच्या आणि इस्पितळात जाऊन जिन्याजवळच्या बाकावर बसायच्या. आत जायची हिंमत नाही, घरी बसवत नाही. बाप येता-जाता समोरून जायचा, त्यांच्याकडे बघायचा नाही.

मग एका सकाळी आई बाहेर आली. कारखान्याचे कपडे घातले होते, केस ओले होते. ती बाकासमोर उभी राहिली.

"मला आज जायला लागणार. नाहीतर मशिनवर दुसरीला बसवतील. ह्यांची गाडी पण उभी आहे इतके दिवस." ती थांबली. "नर्स म्हणते कोणीतरी लागेल सतत. हात धरून ठेवायला लागतो, नाहीतर नळी ओढते ती."

मावशी उभ्या राहिल्या.

"तुम्हाला माफ केलेलं नाही मी," आई म्हणाली. "करणार पण नाही. ऐकताय ना? पण मला दुसरं कोणीच नाही हो. कोणीच नाही. आणि ती मेली कोणाजवळ राहतच नाही."

आत पलंगावर भिंगरी बसली होती, सलाइनसाठी लाकडी पट्टीला बांधलेला एक हात, नाकाला चिकटवलेली नळी. मावशींना बघितल्याबरोबर तिने मोकळा हात वर केला. आवाज फुटला नाही, नुसता घसा घरघरला, आणि मग ती स्वतःहून आडवी झाली, कुशीवर वळली, पाठ मावशींकडे केली. थोपट, म्हणून.

मावशींनी थोपटायला हात उचलला. पोरीच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

आई दारापर्यंत गेली. परत आली. पुन्हा गेली, पुन्हा परत आली. पलंगाच्या कडेला उभी राहून तिने मावशींकडे पाहिलं, आणि विनवणी करावी तसं म्हणाली, "मावशी, तिला झोप लागली ना, तरी तुम्ही झोपू नका हं."

"नाही झोपणार," मावशी म्हणाल्या.